रिबकाचा टोप

कमळच्या स्वयंपाकघरात सगळ्यात वरच्या फळीवर एक टोप पालथा घातलेला असे. कडीला लाल दोरा बांधलेला. त्याला हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती, आणि चुकून कुणी लावलाच तर कमळ त्याच्या सात पिढ्यांचा जो उद्धार करी तो अख्ख्या अंजूर गावाला ऐकू जाई. टोप घेतला होता कमळनेच, भिवंडीच्या बाजारातून, पण त्यात शिजायचं ते शेजारच्या रिबका पेणकरसाठी. पेणकर म्हणजे बेने इस्रायल, यहुदी. त्यांना खवल्यांचा मासा चालतो. कोळंबी, चिंबोरी, जवळा म्हणजे ती बारीक सुकी कोळंबी चालत नाही, आणि ज्या भांड्यात हे शिजलं ते भांडंही चालत नाही. आता कमळसारख्या आगऱ्याच्या घरात, जिथे रोज सुकट शिजते, असं भांडं कुठून मिळणार? रिबकाने तोंडाने कधी काही मागितलं नव्हतं. तीस वर्षांपूर्वी कमळनेच हा टोप आणून तिच्यापुढे आदळला होता आणि विचारलं होतं, "आता तरी जेवशील का माज्याकडं?"

आज तो टोप खाली उतरला होता. सकाळी रिबकाचा नवरा सॅम्युएल गेला होता.

सॅम्युएल भिवंडीत लूमचा मिस्त्री होता. दोन घरांच्या मधल्या भिंतीवरून रोज सकाळी "कमळ, आज काय शिजतंय?" असं विचारणारा माणूस. कमळला रडायला अजून सवड मिळाली नव्हती. कारण पेणकरांच्या धर्मातही आगऱ्यांसारखंच आहे: मातीवरून परतल्यावर त्या घरच्यांनी स्वतःच्या घरचं खायचं नाही. पहिला घास शेजाऱ्याने आणायचा. अकरा वर्षांपूर्वी कमळचा नवरा बाळाराम गेला तेव्हा रिबकाने डाळभात आणला होता आणि कमळ तोंड उघडत नव्हती तर दटावून घास भरवला होता. तो घास कमळ विसरणारी नव्हती.

अडचण एकच होती, रिबकाचा मुलगा दानिएल. सोळाव्या वर्षी आत्याकडे इस्रायलला गेला तो आता चाळिशीला आला होता. बाप आजारी म्हणून आठवड्यापूर्वी आला, डोक्यावर टोपी, तोंडात प्रार्थना. लहानपणी कमळमावशीच्या ओटीवर लोळणारा पोर, तो आता तिला "आंटी" म्हणू लागला. तिने दिलेला चहासुद्धा त्याने हात जोडून परत केला होता. कमळला तो नकार चांगलाच झोंबला होता. आज सकाळीही तो आईला म्हणाला, जेवण ठाण्याच्या हन्नाताईंकडून आणू, त्यांचं किचन आपल्यातलं आहे. रिबका नवऱ्याच्या उशाशी बसली होती. तिने डोळेसुद्धा पुसले नाहीत.

"पाव हन्नाचा घे," ती म्हणाली. "बाकी कमळचं येल. तिच्या हातचं मी तीस वर्सं खातंय."

तर असा हा घास होता. तो नीट गेला तर तीस वर्षांचा मान राहणार होता.

दुपारी मयत दफनाला ठाण्याला निघाली. तोवर कमळने त्या टोपात अंडी उकडून घेतली होती, कारण त्या दिवशी अंडं लागतंच. मग त्यातच मसुराची आमटी टाकली. मयत पाहिली म्हणून आंघोळीला जाताना ती सुनेला म्हणाली, "निशा, आमटीकडं बघ. त्यात मटण-मच्छी काय घालू नको, त्यांना चालत न्हाय."

निशा दोन महिन्यांपूर्वी कोन गावाहून लग्न होऊन आलेली, कामाला वाघीण. तिने मान हलवली.

दुसऱ्याच्या घरी न्यायचं ते उष्टं करायचं नाही, म्हणून कमळने चव घेतली नाही. वासाचं म्हणाल, तर तिच्या घराच्या भिंतींनासुद्धा सुकटीचा वास होता. वेगळं काही जाणवायला नाक तरी वेगळं हवं.

पाच वाजता मंडळी परतली. कमळने टोप आणि उकडलेली अंडी भिंतीपलीकडे नेली. रिबका आणि दानिएल जमिनीवर बसले होते. दानिएलचा शर्ट सुतकाच्या रिवाजाप्रमाणे छातीपाशी फाडलेला, डोळे सुजलेले. त्याने टोपाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि काही न बोलता हात धुतले. कमळच्या छातीवरचं ओझं उतरलं. वाढायचा मोठा डाव घरातच राहिला, तो आणायला ती परत आली.

"आत्या, आमटी बरी झाली ना?" निशाने कौतुकाच्या आशेने विचारलं. "निस्ती पानचट दिसत होती. मंग मी जवल्याची पूड टाकली, दोन चमचे."

कमळच्या हातातला डाव खाली पडला. "जवला? तुला सांगितलं न्हवतं का, मच्छी घालू नको म्हनून?"

"जवला कुटं मच्छी हाय?" निशा गोंधळली. "तो तर मसाल्याच्या डब्यात असतो."

कमळ अनवाणी धावली. दारातच थबकली. उशीर झाला होता. हन्नाताईंनी दोघांच्या ताटल्यांत आमटी वाढली होती. पाव मोडला गेला होता. दानिएल घास गिळत होता, आणि रिबका दुसरा घास बुडवत होती.

आता काय? पूड तर विरघळल्यासारखीच. वर खोबरं आणि लसूण. कुणाला काही कळलेलं दिसत नव्हतं. कळणारही नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. किंवा ओरडायचं, पाल पडली, फेका! त्यात निशाही वाचत होती, कमळही, आणि तो टोपही फळीवर मानाने परत गेला असता. पाल हा शब्द अगदी जिभेवर आला होता. रिबकाने मान वर केली. रडून रडून तिचे डोळे लाल झाले होते. कमळला पाहून ते थोडे निवले, आणि तिथेच कमळचं खोटं संपलं.

"रिबका, घास टाक," ती म्हणाली. "त्यात जवला हाय."

हन्नाताईंनी वाढायचा चमचा खाली ठेवला.

"सुनेनं पूड टाकली. तिला ठावं न्हवतं. मी चाखली न्हाय, ती माजी चूक." कमळ दारातूनच म्हणाली. "आत्ताच कललं. तशीच धावत आले."

रिबकाने घास ताटलीत ठेवला. दानिएल उठला, मोरीवर गेला, आणि चुळा भरत राहिला. एक, दोन, पाच, सात. प्रत्येक चूळ कमळला कानाखाली बसल्यासारखी लागत होती. हन्नाताई हळूच म्हणाल्या, "म्हणूनच आपलं आपण..." आणि पुढचं गिळून टाकलं. रिबका नुसती ताटलीकडे बघत होती. ते सगळ्यात वाईट होतं. तिने शिव्या दिल्या असत्या तर कमळने पदर पसरून घेतल्या असत्या.

तोंड पुसत दानिएल परत आला.

"आंटी, तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं. हे माहीत होतं तुम्हाला?"

"माहीत होतं."

"मग का सांगितलंत?"

"तुज्या आईनं इचारलं नसतं म्हनून," कमळ म्हणाली. "ती कवाच इचारत न्हाय."

दानिएल आईजवळ आला. मग ताटातल्या अंड्यांकडे बोट केलं. "ही कशात उकडली?"

"त्याच टोपात. आमटीच्या आदी. तवा त्यो चोख होता, तुज्या बापाची शप्पत."

बापाची शपथ ऐकून त्याने ते ताट उचललं. तो आईशेजारी खाली बसला. एक अंडं घेतलं, जमिनीवर टिचकवलं, सोललं आणि रिबकाच्या हातात दिलं. रिबकाने एक घास खाल्ला आणि गिळला.

"बघितलंस?" ती मुलाला म्हणाली. "मी टोपाच्या भरवशावर जेवत न्हवते."

दानिएलने दुसरं अंडं सोललं, आणि स्वतः खाल्लं. कमळने आमटीचा टोप उचलला. कडीचा लाल दोरा तिने तिथेच सोडवला आणि मुठीत धरला. आता तो टोप आपल्या घरात सुकटीलाच लावायचा. पाय दारापर्यंत गेले तेव्हा मागून हाक आली.

"मावशी."

ती वळली.

"मला सुतकाचे सात दिवस उंबरठा ओलांडता येत नाही," दानिएल म्हणाला. "नवा टोप तुम्हालाच आणावा लागेल. उद्या सकाळी आईला भूक लागेल."

कमळने मान हलवली. सॅम्युएलसाठी सकाळपासून अडलेलं रडू आता आलं, तिथेच, दारात, हातात टोप धरून.