मीटरमागे एक सेंटिमीटर

"बसत नाही हो काका. काही केल्या बसत नाही."

लेथवाला रंगमंचाखालच्या खड्ड्यात उकिडवा बसला होता. वर, उखडलेल्या फळ्यांच्या काठाशी गुडघे टेकून रंगारी टॉर्च धरून होता. दोघांच्या मधे मीटरभर लांबीचा, किंचित वळणाचा, दातेरी लोखंडी तुकडा. रंगमंच फिरवणाऱ्या जुन्या चक्राचा तेवढाच भाग तडकला होता आणि त्या जागी हा नवा बसवायचा होता. एक टोक मुकाट जागेवर जायचं आणि दुसरं वर उचकटून राहायचं.

लेथवाल्याने हातोडा उचलला.

"ठेव, ठेव तो खाली!" रंगारी ओरडला. "शेजारचं ओतीव लोखंड आहे, तीस वर्षांचं. या वयात कुणी डोक्यात मारलेलं सहन होत नाही, एका फटक्यात तडकेल."

लेथवाला हसला, पण त्याच्या हसण्यात जीव नव्हता. आज बुधवार होता. संध्याकाळपर्यंत रंगमंच फिरला नाही, तर उद्या सकाळी सुतार येऊन त्याच्यावर कायमची सपाट जमीन ठोकणार होते. शुक्रवारी बाहेरगावच्या मंडळींचं नाटक लागायचं होतं आणि त्यांना फिरता रंगमंच नकोच होता, त्यांना पाय ठेवायला जागा हवी होती. नाट्यगृहाच्या मंडळाचं तर कधीपासून तेच टुमणं होतं. व्यवस्थापिका बाई मधे पडल्या म्हणून एवढी तरी मुदत मिळाली. "काका, एक संधी मिळवलीय तुमच्यासाठी," त्या म्हणाल्या होत्या. "पुन्हा मागायला मला तोंड नाही."

रंगारी हे काही त्याचं नाव नव्हे. पन्नास वर्षांपूर्वी तो या देशात आला तेव्हा त्याच्याजवळ चित्रकलेची पदवी होती, आणि तिला इथे कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. आधी त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग ओतकामाच्या कारखान्यात लाकडी नमुने घडवले, ते तब्बल अकरा वर्षं. संध्याकाळच्या वर्गाला जाऊन यंत्रांची चित्रं काढायला शिकला आणि पूल बांधणाऱ्या एका कचेरीत लागला. तिथल्या इंजिनियरांनी त्याला रंगारी म्हणायला सुरुवात केली. पुढे तो नाटकांचे पडदे रंगवायला लागला, दोन-तीन पुतळे केले, तर चित्रकार मंडळी म्हणायची, "आले इंजिनियरसाहेब!" दोन्ही घरचा पाहुणा, जेवायला कुणीच थांबवलं नाही. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय दरवर्षी वेगळा असायचा. एकदा तर मास्तरीणबाईंनी तिला बाजूला घेऊन विचारलं होतं, घरी सगळं ठीक आहे ना? बायको हयात होती तोवर म्हणायची, "अहो, एका जागी बूड टेकवा की. माझ्या बहिणींना मी काय सांगू, तुम्ही नक्की करता तरी काय?"

आणि तिला दाखवता येईल असं हे एकच काम झालं होतं. हा फिरता रंगमंच. नेपथ्य त्याचं, आकडेमोड त्याची, चक्राचे लाकडी नमुने त्याच्या हातचे. पहिल्या प्रयोगाला दिवाणखाना सावकाश वळत गेला, मागून नदीचा काठ आला, आणि बायकोने अंधारात त्याचा हात असा दाबला की अंगठी रुतली. मुलगी तेव्हा तापाने आजारी, शेजारणीकडे होती. मग ती शिकायला गेली, मग नोकरी, मग संसार. दर वेळी पुढच्या खेपेला बघू, म्हणता म्हणता तीस वर्षं गेली. आज मात्र ती इस्पितळातून रजा काढून आली होती आणि पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर घेऊन, परीक्षेला बसल्यासारखी बसली होती.

"मोजलं का?" रंगारीने विचारलं.

"तिसऱ्यांदा मोजतोय." लेथवाल्याने फीत लावली. "जागा आहे त्यापेक्षा दहा मिलिमीटर जास्त. बरोब्बर दहा. माझ्याच मशीनचं काहीतरी चुकलंय काका. तुम्ही दिलेला लाकडी नमुना जसाच्या तसा मापून कापला, तरी हे असं. कंप्युटरवर सगळं बरोबर दिसत होतं हो!"

दहा म्हटल्याबरोबर रंगारीला आपली पट्टी आठवली.

आता हे सांगायला हवं. वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं, मीटरमागे साधारण एक सेंटिमीटर. म्हणून ओतकामाचे नमुने घडवणारा माणूस साधी पट्टी वापरतच नाही. त्याची पट्टी वेगळी, तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर केसभर लांब आखलेला. नमुना तेवढा मोठा होतो आणि आकसून लोखंड नेमक्या मापावर येतं. पट्टी दिसायला अगदी साध्या पट्टीसारखी. पण हा तुकडा ओतायचा नव्हताच! गावातला ओतकारखाना बंद होऊन जमाना झाला. लेथवाला अख्ख्या लोखंडातून तो कापून काढणार होता, आकसण्याचा प्रश्नच नव्हता. हे रंगारीला पक्कं ठाऊक होतं, लेथवाल्याशी त्याचं बोलणंही झालं होतं. तरी लाकूड हातात आलं आणि अकरा वर्षांच्या सवयीने हात आपोआप त्या जुन्या पट्टीकडे गेला. पाच दिवस तो शीळ घालत काम करत होता. किती वर्षांनी शीळ घातली म्हणून मुलीला कौतुक वाटलं होतं.

त्याने टॉर्च बंद केला. अरे देवा, असं मनात येऊन गेलं.

व्यवस्थापिका बाई विंगेतून लगबगीने आल्या. "झालं का? मंडळाचे दोघं संध्याकाळी येतायत बघायला."

लेथवाला खड्ड्यातून वर चढला. चेहरा पांढराफटक. त्याचं वर्कशॉप सुरू होऊन सहा महिनेही झाले नव्हते आणि या कामावर गावातली पुढची कामं ठरणार होती. "बाई, तुकडा मोठा झालाय," तो म्हणाला. "माझं मशीन..."

आणि रंगारीला, खोटं कशाला सांगा, एक क्षण वाटलं की गप्प बसावं. कुणाला कळणार होतं? लेथवाल्याला त्या पट्टीचा पत्ता नव्हता, बाईंना नव्हता. पट्टी घरी खणात पडली होती. समोर मुलगी उठून उभी राहिली होती. आयुष्यात एकदा ती बापाचं काम बघायला आली होती आणि तिच्यादेखत तोंड काळं करून घ्यायचं?

"मशीनला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "माझा नमुनाच मोठा आहे. चुकीच्या पट्टीने मापला मी."

मग त्याने सगळं सांगितलं. सांगताना आवाज ठाम होता, याचंच त्याला नवल वाटलं. लेथवाला आ वासून ऐकत राहिला.

"पण मग घासून कमी नाही करता येणार?" बाईंनी विचारलं.

"टोक घासता येईल. दातांमधलं अंतर कसं घासणार? प्रत्येक दात सरकलाय. नवाच कापायला हवा."

"किती दिवस?"

"तीन," लेथवाला खाली बघत म्हणाला. "आणि तसं लोखंड मागवायला आठवडा."

बाई प्रॉम्प्टरच्या स्टुलावर बसल्या. "काका, मी त्यांच्याशी भांडले हो. ते म्हणत होते, माणूस सत्तरीच्या पुढचा, धड इंजिनियर नाही की धड कुणी नाही. मी म्हटलं, याच्याइतकं त्या चक्रातलं कुणाला कळत नाही." त्यांनी कपाळाला हात लावला. "आता त्यांना काय सांगू?"

"ते म्हणत होते ते बरोबर होतं, असं सांगा."

"असं नका हो बोलू."

"मग काय बोलू?" रंगारी एकदम तडकला. "सांगा ना, काय बोलू मी?"

लेथवाल्याने आपली हत्यारं एकेक करून पिशवीत भरली. जाताना त्याने रंगारीचा हात दोन्ही हातांत धरला आणि मग निघून गेला.

गाडीत बसल्यावर मुलीने किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही.

"बाबा, नसतं सांगितलंत तरी चाललं असतं."

"त्याचं दुकान नवीन आहे गं. त्याला अजून कामं मिळवायचीत. मला कुठे आता अर्ज करायचेत?"

"हं." ती काचेतून समोर बघत राहिली. "मला फक्त ते फिरताना बघायचं होतं हो. आई इतकं सांगायची."

तेव्हा मात्र रंगारीचा बांध फुटला. कचेरीत त्याची टर उडवली गेली तेव्हा तो रडला नव्हता, कार्यक्रमपत्रिकेत त्याचं नाव 'सहकार्य'च्या खाली बारीक अक्षरात छापलं तेव्हाही नव्हता. आता तो मुलीच्या गाडीत, भर दुपारी, तोंडावर हात धरून हमसून हमसून रडला. मुलगी त्याची पाठ चोळत राहिली. समजूत घालण्यासारखं काही नव्हतंच, म्हणून तिने घातली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नाट्यगृहात गेला. कुणी बोलावलं नव्हतं. दोन सुतार आले होते, थोरला आणि धाकटा, भाऊभाऊ असावेत. बाईंचा पत्ता नव्हता. रंगारी थोडा वेळ विंगेत उभा राहिला. सुतार आडाखे बांधत खिळे मारत होते, खालच्या तुळया त्यांना सापडत नव्हत्या, आणि दर दुसरा खिळा पोकळीत जात होता.

"असं ठोकाल तर महिन्याभरात जमीन कुरकुरेल," त्याला राहवेना. "नटाने गुपचूप शिरायचं म्हटलं तरी अख्ख्या थिएटरला ऐकू येईल."

"मग कुठे मारायचे, तुम्हाला माहितीय?" थोरल्याने विचारलं.

"माहितीय."

त्याने खडू मागून घेतला आणि वाकून, कमरेवर एक हात ठेवून, तुळया जिथून जिथून गेल्या होत्या तिथे फळ्यांवर रेघा ओढल्या. तास गेला. एकही खिळा वाया गेला नाही. थोरला खूश झाला. "वा काका! तुमच्यामुळे दुपारच्या आत सुटू आम्ही."

शेवटची फळी उरली तेव्हा धाकटा चहा आणायला गेला होता. खाली, उरलेल्या वीतभर फटीत, चक्राचे दात दिसत होते. थोरल्याने फळी वर आणून टेकवली आणि खिळे ओठांत धरून इकडेतिकडे पाहिलं.

"काका, ते टोक जरा धरता का?"

रंगारी गुडघ्यांवर बसला आणि त्याने टोक धरलं.

"हलू देऊ नका हां."

"नाही हलत," रंगारी म्हणाला. "मार तू."