आठ हजार वेढ्यांचा आवाज

“काका, तुम्ही गिटार भरून देता का?”

नम्रताने हा प्रश्न विचारला तेव्हा तिच्या दोन मैत्रिणी, ऋचा आणि राधा, समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाआड उभ्या राहून हसू दाबत होत्या. पैज त्यांनीच लावली होती. खडकी बाजारात रामदासकाकांकडे जळलेले पंखे आणि पाण्याच्या मोटारी तांब्याच्या तारेने नव्याने भरून मिळतात. दुकानावर पाटी आहे, ‘घाई असेल त्यांनी नवीन पंखा घ्यावा.’ अशा माणसाला गिटारचं विचारायचं म्हणजे धाडसच.

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. “गिटार भरतात होय? कशाने, सारणाने?”

पण नम्रता जागची हलली नाही. तिने दप्तरातून रुमालाची पुरचुंडी काढून काउंटरवर सोडली. त्या पुरचुंडीत मी होतो.

मी एक जुना पिकअप आहे, मित्रांनो. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली काड्यापेटीहून जरा लांब पट्टी बसवलेली दिसते ना, तोच मी. माझ्या पोटात सहा छोटे लोहचुंबक उभे आहेत आणि त्यांच्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की माझ्या वेढ्यांत इवलीशी वीज जागी होते, अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत धावते आणि आवाज होऊन बाहेर पडते. मी नसेन तर इलेक्ट्रिक गिटार म्हणजे तारा लावलेला पोळपाट. फुशारकी नाही, आहे ते सांगतोय.

माझी उमेदीची वर्षं हिंमतरावांच्या गिटारमध्ये गेली. ते वर्ध्याकडचे, नम्रताच्या बाबांबरोबर फॅक्टरीत कामाला. सुट्टीच्या दिवशी लग्नांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे. नवरदेवाकडची मंडळी त्यांची पाठ थोपटायची आणि ते घरी येऊन माझ्यावरची धूळ फुंकर घालून उडवायचे. कौतुक असं वाटून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. निवृत्त होऊन गावी जाताना त्यांनी गिटार बाबांना दिली. बाबांनी ती प्रेमाने चादरीत गुंडाळली आणि तितक्याच प्रेमाने क्वार्टरच्या माळ्यावर टाकली. अकरा वर्षं. ओलीने माझी तार हिरवी पडली, आतल्या आत तुटली. नववीतल्या नम्रताने मला खाली काढलं तेव्हा मी मुका होतो. त्या गिटारला पिकअप एकच, त्यामुळे गिटारही मुकी.

तर काकांनी मला भिंगाखाली धरलं आणि त्यांचा आवाजच बदलला. “अगं, पंख्याची तार याच्यापुढे दोरखंड. कुणी भरलंय हे? हात बघ काय असेल.” मित्रांनो, एवढं ऐकून माझी अकरा वर्षं भरून निघाली.

मोटार भरताना काका जुने वेढे आधी मोजतात आणि तेवढेच नवे घालतात. माझी तार मात्र हात लावताच तुकडे तुकडे झाली, मोजणार काय? मग काकांनी त्यांच्या हिशेबाने माया केली. मीटरच्या कॉइलसाठी आणलेली बारीक तार काढली आणि जागा होती तेवढी, अगदी काठोकाठ भरली. मशीनच्या काउंटरवर आकडा आला दहा हजार चारशे. “पोरीचं काम आहे, हात आखडता कशाला घ्या,” म्हणाले.

घरी मला बसवलं आणि मी असा काही गरजलो की राधाने कानांवर हात ठेवले. दोघी खूश. ऋचा म्हणाली, “भारी, भिंत हलली.”

नम्रताने आवाज कमी करून पुन्हा छेडून पाहिलं. तिने स्वतः एक धून केली आहे. तिच्यात एकेक तार सावकाश छेडायची, पहिली वाजत असतानाच दुसरी यायची, आणि दोन्ही वेगळ्या ऐकू यायला हव्यात. माझ्यातून त्या सगळ्या एका गोधडीत शिरून बोलल्यासारख्या येत होत्या. वेढे वाढले की आवाज मोठा आणि जाड होतो, पण त्याची वरची धार जाते. मी दुबळा नव्हतो, उलट जरुरीपेक्षा दांडगा झालो होतो.

“मग दोन कॉइलवालाच घे ना,” ऋचा म्हणाली. “ह्याच्यासारखी घरघर नाही. स्नेहसंमेलनात आपण तिघी दणक्यात वाजवू. तुझी ती धून मागच्या रांगेपर्यंत पोचणार तरी आहे का?”

दोन कॉइलच्या त्या भावंडाचा मला आदर आहे. दणदणीत वाजवायचं असेल तर त्याच्यासारखा तोच. पण बाबाही म्हणाले, “शनिवारपर्यंत ठरव. रविवारी तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन नवीन आणू.” नवीन आला की मी भंगारात, हे मला कळत होतं. आणि नम्रताची धून माझ्याआधीच भंगारात जाईल, हेही.

शनिवारी शाळा सुटल्यावर ती गिटार पाठीला आणि छोटा अ‍ॅम्प्लिफायर हातात घेऊन दुकानात गेली. मैत्रिणी मागोमाग.

“काका, छान भरलंत, पण...”

“पण म्हणजे छान नाही भरलं. कसा हवा आवाज?”

“चांगला.”

“चांगला असा आवाज नसतो. पंख्याचा चांगला वेगळा, पंपाचा चांगला वेगळा. तुला कुणाचा हवाय?”

नम्रताने इकडे तिकडे पाहिलं. भिंतीवर खिळ्याला नटबोल्टचे पाने टांगले होते. तिने एका पान्यावर स्क्रूड्रायव्हर हलकेच आपटला आणि नाद पूर्ण विरेपर्यंत कुणालाच बोलू दिलं नाही. “असा. कडा असलेला. आणि संपताना संपतोय हे कळणारा.”

काका स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू मोटारीला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावून आतलं बेअरिंग ऐकणारे. त्यांना लगेच समजलं. “म्हणजे मी जास्त भरलं. वेढे काढावे लागतील. पण काढलेली तार परत चढत नाही हं. नंतर रडायचं नाही.”

त्यांनी मला बाहेर काढलं आणि पाचशे वेढे सोडले. मग मला उलटं धरलं, तारांच्या वर, बोटभर अंतरावर. माझी दोन टोकं चिमट्यांनी अ‍ॅम्प्लिफायरला जोडली. नम्रताने धून छेडली. कान दिला. “अजून.” आणखी पाचशे. “अजून.”

“अगं बास,” ऋचा म्हणाली, “आवाज बारीक होत चाललाय.”

“होऊ दे. अजून, काका.”

मला भीती वाटत होती, मित्रांनो. माझ्या अंगावरून तार उतरून टेबलावर कुरळ्या केसांसारखी साचत होती. पण त्या मुलीचे डोळे मिटलेले होते आणि मान एका बाजूला झुकली होती, हिंमतराव ऐकायचे तशी. शेवटी शंभर-शंभर सोडत आठ हजार वेढे उरले तेव्हा ती वाजवता वाजवता थांबली आणि हळूच म्हणाली, “बास.” शेवटची तार अजून बोलत होती. ती संपेपर्यंत काकांनी हात हलवला नाही, आणि ऋचाने तोंड उघडलं नाही. मग ऋचाच म्हणाली, “परत वाजव.”

मित्रांनो, वस्तू बंद पडली की लगेच बदलू नका, आधी कुणी भरून देतं का विचारा. आणि सगळ्यात भारी कोणता, हे विचारण्याआधी आपल्याला काय ऐकायचंय ते नीट ऐका. जास्त भरलं म्हणजे जास्त चांगलं झालं, असं नसतं. हे मी अंगावरून दोन हजार चारशे वेढे उतरल्यावर शिकलो.

संध्याकाळी बाबा चपला काढत होते, आई पोळ्या लाटत होती. नम्रता मला गिटारमध्ये बसवून दारात उभी राहिली.

“बाबा, उद्या तपकीर गल्लीत जायचं नाही. हाच पिकअप राहणार. काकांनी वेढे कमी करून दिलेत.”

“मग तो मोठ्याने वाजतो का?” बाबा म्हणाले.

“नाही वाजत. म्हणून मी दणक्याचं गाणं वाजवणार नाहीये. आई, तूही ऐक. स्नेहसंमेलनात मी माझी धून वाजवणार आहे, एकटी. ऋचाला सांगून झालंय.”