डोंगरी पतंगाची मादी

मादी सापडली तर शोधनिबंधावर कीटकतज्ज्ञ मॅडमच्या नावाशेजारी त्याचं नाव छापलं जाणार होतं, आणि संग्रहालयातल्या "तात्पुरता सहायक"मधला तात्पुरता एकोणीस वर्षांनी गळणार होता. शिवाय बायकोचं "पतंग उडवायला निघालात का?" बंद होणार होतं, ते वेगळंच.

हा राखाडी पतंग एकाच शिखराखाली आढळे, तोही वर्षातून दहा-बारा दिवस, भर उन्हात. संग्रहालयाच्या ट्रेमध्ये चौदा टाचणीने टोचलेले होते, चौदाही नर. मादी कुणी पाहिलीच नव्हती. "मादीशिवाय कोणी छापत नाही," मॅडम म्हणाल्या होत्या. "आणा, मग बघू."

म्हणून हक्काची रजा टाकून तो डोंगरावर आला. बायकोने सोबतीला भाऊ दिला. मेहुणा तंबू सांभाळी आणि हा जाळं घेऊन चढावर धापा टाकी. धराल तो नरच. आठव्या दिवशी जाळं आपटून तो तंबूपाशी बसला.

"भाऊजी, तुम्ही वर कशाला मरता? तुमचे पतंग दिवसभर इथेच घोंगावतात."

"मग धरायचे नाहीत?"

"नरच असणार ना. मला त्या किड्यांनीच वैताग आणलाय. कापडावर चढतात, लठ्ठ, केसाळ, पंखांचा पत्ता नाही. रोज झाडतो आणि बुटाखाली घेतो."

तो उठून उभा राहिला. "पंख नाहीत?"

"नाहीत. पोट मात्र अंड्यांनी टच्च. बूट बरबटतो नुसता."

"किती मारलेस?"

"रोज चार-पाच. का, तुम्हाला हवे होते?"

त्यानंतर दोन दिवस त्या बिनपंखी माद्यांसाठी त्याने दगडन् दगड उलटला. तंबूवरही एकही चढली नाही. हंगाम सरला होता. शेवटी मेहुण्याच्या बुटाच्या तळाशी चिकटलेली, त्यातल्या त्यात धड अशी एक त्याने चिमट्याने सोडवली.

संग्रहालयात मॅडमनी ती भिंगाखाली पाहिली. "छान. लेबलवर पकडणाऱ्याचं नाव लागेल. कुणी पकडली?"

खोटं लेबल त्याने आजवर लिहिलं नव्हतं. "मेहुण्याने," तो दातओठ खात म्हणाला.

"मग प्रजातीला त्यांचंच नाव देऊ. तुमचे आभार मानू शेवटी."

बायकोने ही बातमी सगळ्या नात्यागोत्यात पोचवली. भावाचं नाव पुस्तकात जाणार होतं. मॅडमना निबंध मिळाला, मेहुण्याला प्रजाती, आणि याला शेवटच्या पानावर अर्धी ओळ. अकरा दिवसांची रजा याची गेली. बाकीची सगळी किंमत, आठ दिवस रोजच्या पाचाच्या हिशेबाने, चाळीस माद्यांनी भरली.