कोपऱ्यातला खांब

मित्रांनो, मी काही फार जुना खांब नाही. जुना व्हायच्या आतच माझी अडगळ झाली, एवढंच.

नळदुर्गला हमरस्त्यालगत गुरुसिद्धप्पांचं कापड दुकान आहे. दुकान ऐसपैस दिसावं म्हणून त्यांनी मध्ये एकही खांब घेतला नव्हता. वरच्या मजल्यावर दोन भाडेकरू होते. शुभांगीताईंचा व्यायामाचा वर्ग आणि त्याला लागून उम्मेहानीची रक्त तपासायची लॅब. वर्गातल्या बायका गाण्याच्या ठेक्यावर एकदम उड्या मारू लागल्या की सगळी फरशी थरथरायची. सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशीसुद्धा नाचायच्या आणि उम्मेहानीची मोजणी चुकायची. चुकीचा रिपोर्ट द्यायचा नाही म्हणून ती बिचारी वर्ग सुटेपर्यंत हात बांधून बसायची.

शेवटी एका इंजिनिअरने मला लोखंडाचा बनवून घेतलं आणि दुकानाच्या बरोबर मध्ये, स्लॅबखाली घट्ट आवळून बसवलं. थरथर निवली. शुभांगीताईंनी पेढे वाटले, त्यातला एक माझ्या पायाशी ठेवला. केवढा अभिमान वाटला होता मला!

पुढे धंदा मंदावला आणि गुरुसिद्धप्पांचे मेहुणे गौरीशंकर आले. त्यांना वास्तूचं वेड. दुकानाच्या मध्यभागी, ब्रह्मस्थानात लोखंड उभं केलं म्हणूनच गिऱ्हाईक टिकत नाही, असं त्यांनी पटवून दिलं. पण मला भंगारात घालायची गुरुसिद्धप्पांना भीती वाटली. त्यांनी मला कोपऱ्यात, भिंतीला खेटून उभं केलं. खांब आहे तो आहेच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. अहो, भिंतीजवळ फरशी हलत होती कधी?

दुसऱ्या दिवशी उम्मेहानी खाली आली. "काका, खांब मधीच लागतो. फरशी मधीच हालती."

"स्लॅब पडला का? न्हाय ना. मग कशाला लई बोलतीस, बाय?"

मला स्लॅब पडेल म्हणून आणलंच नव्हतं. पण खांबाला कोण विचारतो? उम्मेहानीने पुष्कळ विनवलं, मग सामान टेम्पोत घालून ती दुसऱ्या गावी गेली.

यंदा गुरुसिद्धप्पांच्या पत्नी शांतम्मा तापाने आजारी पडल्या. यंत्राच्या आकड्यावर डॉक्टरांचा भरवसा बसेना. रक्तातल्या पेशी कुणीतरी डोळ्यांनी मोजायला हव्या होत्या. गावात ते काम उम्मेहानीच करायची. रक्ताची नळी एसटीने सोलापूरला गेली. गुरुसिद्धप्पा दिवसभर मला टेकून फोनची वाट बघत राहिले. वर उड्या चालू होत्या.

"उम्मेहानी इथं आसती तर," ते एवढंच म्हणाले.

रिपोर्ट आला, पण उशिरा. शांतम्मा वाचल्या नाहीत.

मित्रांनो, कुठलीही वस्तू हलवण्याआधी ती तिथे कशासाठी उभी आहे, हे जरा विचारत जा. मला आता नवा रंग दिलाय. माझ्या शेजारच्या भिंतीवर शांतम्मांचा हार घातलेला फोटो आहे. वर कितीही उड्या मारल्या तरी तो हलत नाही.