कमरेची शिलाई

डॉक्टरांनी कान उपटल्यापासून मी रोज चालायला जात होतो आणि जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेणं सोडलं होतं. काट्यावर उभं राहायची लाज वाटायची, म्हणून कामावरची पँट हाच माझा काटा. पण कित्येक महिने झाले तरी ती कमरेला तशीच घट्ट.

एका सकाळी माझं डोकंच फिरलं. "बस्स झालं! बोटभरसुद्धा सैल होत नाही. आजपासून पोटभर जेवणार!"

बायको शिलाई मशीनवर गिऱ्हाइकाचं काम करत होती. तिचा चेहरा उतरला. तिने माझी पँट उलटी करून दाखवली. कमरेच्या आत शिलाईच्या ओळीच ओळी होत्या.

"सैल दिसली की मी आत घेते," ती पुटपुटली. "हाताला सवयच आहे हो. तुम्ही पँटवरून मोजताय हे मला काय माहीत!"

तिने सगळ्या शिलाया उसवल्या. पँट चढवली तर ती खालीच घसरायला लागली. मला हसू फुटलं. मग सहज विचारलं, "आणि आधी घट्ट व्हायची तेव्हा?"

"तेव्हा गुपचूप सैल करायचे," ती खाली बघत म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

लग्नातल्या मापाच्या पँटी मला अजून होतात, हे मी वर्षानुवर्षं चारचौघांत मिरवत आलो होतो. पुष्कळदा तिच्यादेखत.

दोन्ही हातांनी पँट धरून मी तसाच उभा राहिलो.