हत्तीच्या घरातला वजीर

सत्त्याण्णव साली शहापूरच्या हॉलात बुद्धिबळाचा शेवटचा डाव चालला होता. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांचं अजिंक्यपद त्यावर ठरणार होतं. आधीचे डाव बरोबरीत सुटलेले. समोर बसलेल्या मुरबाडच्या महिपतचं मख्ख तोंड बघून सतीशच्या तळपायाची आग मस्तकात जात होती. दोन वर्षं फायनलला यानंच हरवलं, आणि आताही याचं प्यादं शेवटच्या ओळीत, घोड्याच्या घरात पोचलं. प्याद्याच्या जागी वजीर घेतला की खेळ खलास.

महिपतनं शांतपणे घोडा ठेवला.

गावाकडं सगळे तसंच खेळतात. प्यादं ज्या घरात पोचेल, त्या घराचं मोहरं मिळतं. पण इथं इंटरनॅशनल नियम होते, हवं ते मोहरं घेता येत होतं. सतीशचं डोकंच सणकलं. असली भीक त्याला नको होती. तरी त्यानं आपलं प्यादं हत्तीच्या घरात सरकवलं, वजीर घेतला आणि मात केली.

बक्षिसाचा कप घेऊन बाहेर आल्यावर मुरबाडच्या जीपपाशी त्यानं महिपतला गाठलं. "नियम ठाऊक नाय, तर खेळायला येतोस कशाला रे?"

"ठाऊक हाय," महिपत म्हणाला. "पण घोड्याच्या घरात वजीर बसवणं मला पटत नाय. तू हत्तीच्या घरात बसवलास. तुला पटलं, झालं तर."

हातातला कप त्याच्या टाळक्यात घालावा असं सतीशला वाटलं. पण महिपतला घेऊन जीप निघून गेली होती, आणि हार घेऊन आलेले लोक त्याला मान वाकवायला सांगत होते.