सोबत राहणारी बहीण

छापून आलेल्या कायद्याची पानं त्याने तिसऱ्यांदा उलटली आणि सातव्या कलमावर बोट ठेवलं. नवरा-बायको होते, मुलं होती, म्हातारे आईवडील होते. बहीण नव्हती.

समोर तात्या पेन्सिलीला टोक काढत बसला होता.

विधी खात्याच्या त्या खोलीत दोघे सव्वीस वर्षं मसुदे ताडून पाहत आले होते. रीत ठरलेली होती. एकाने जुना मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नव्या मजकुरावर नजर ठेवून प्रत्येक ओळीला ‘हं’ म्हणायचं. ‘हं’ आला की पुढची ओळ. वाचणाऱ्याने मान वर करायची नाही.

या खेपेचं काम तर सोपं होतं. आश्रितांच्या कायद्यातले शिळे शब्द काढायचे होते: ‘टाकलेली बायको’, ‘वेडसर मुलगा’, ‘पोसलेली पांगळी बहीण’. शब्द बदलतील, हक्क तेच राहतील, असं वरून लेखी आलं होतं. शेवटच्या शब्दाचं काय करावं, हे त्याने घरी ताईला विचारलं होतं. कुबड्या भिंतीला टेकवत ती म्हणाली होती, “पोसायला मी काय पोपट आहे? ‘सोबत राहणारी बहीण’ लिही.” त्याने तसंच लिहिलं होतं. त्याच्या मागे ताईला त्याचं निम्मं निवृत्तिवेतन मिळणार होतं, ते या एका ओळीच्या जोरावर.

“तात्या, सातव्यात मी बहीण वाचली होती.”

“वाचली होतीस.”

“तू हं म्हणालास.”

तात्याने फुंकर मारून भुगा उडवला. “ओळ वरूनच कापून आली होती. तिजोरीवर बोजा पडतो म्हणाले.”

“मग मला थांबवायचंस.”

“थांबवलं असतं, तर कागद तिथेच टाकून राजीनामा लिहायला बसला असतास. ओळखत नाही का मी तुला?”

“सव्वीस वर्षं तुझ्या हं-वर वाचत आलो मी.” त्याचा आवाज चढला नाही, चढत नसेच कधी. “केसाने गळा कापलास.”

तात्याने पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाला, “घरी जा. ताईंशी बोल.”

अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो निघाला. ताईला काय सांगायचं, याचं वाक्य त्याने वाटेत चार वेळा जुळवलं आणि चार वेळा मोडलं.

ताई खिडकीशी बसून शिंप्याकडून आलेल्या सदऱ्यांना काजं करत होती. त्याने पान तिच्यापुढे ठेवलं. तिने पाहिलं नाही.

“ताई, तुझी ओळ...”

“गेली. ठाऊक आहे मला.”

“कुणी सांगितलं तुला?”

“तू दात काढायला गेला होतास ना, त्या दिवशी तात्या आले होते. सांगू का त्याला, म्हणून विचारत होते. मीच नको म्हटलं. दीड वर्ष राहिलंय नोकरीचं. तू डोक्यात राख घालून घेतली असतीस, की माझं उद्याचं राहिलं बाजूला, आजच दोघांची चूल विझली असती.”

“तुम्ही दोघांनी ठरवलंत,” तो म्हणाला. “मला एका शब्दाने विचारायचं तरी.”

ताईने दोरा दातांनी तोडला.

“नोकरीला लागलास तेव्हा आश्रित म्हणून माझं नाव लिहून आलास. मला विचारलं होतंस? आणि तेव्हा या घराचं भाडं कोण भरत होतं रे?”

तो तिच्या समोरच्या स्टुलावर बसला.

तिने बटणांचा डबा त्याच्याकडे सरकवला.

“चार भोकांची पांढरी वेगळी काढ. नीट बघून काढ, मी परत बघणार नाही.”

तो एकेक बटण उजेडाकडे धरू लागला.